कॅट कापायच्या आधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते बघा

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीजवळच्या एका गावातून प्रश्न आला आहे. २००६ ची पेट्रोल गाडी, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल), वडिलांच्या नावावर. गेल्या दिवाळीपासून पिकअप पडत गेला आणि आता ताशी ६० च्या पुढे गाडी उचलतच नाही. ॲव्हरेज १८ चं १२ झालं. एक्झॉस्टच्या पाइपमध्ये धूर साफ करणारा डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजेच कॅट. मेकॅनिक म्हणतो, "कॅट जाम झालं, काढून टाकू नं. सरळ पाइप मारतो अन् ट्यूनिंग करून देतो, काही नाही होत." पैसे फक्त मजुरीचे, पण काढलेला डबा तो स्वतःकडे ठेवणार. वरून पासिंगही जवळ आलंय. तर करू का, असा प्रश्न.

भाऊ, काढू नका. मेकॅनिकचं निदान बरोबर असू शकतं, लक्षणं तर तशीच आहेत. पण कॅट आपणहून जाम होत नाही. इंजिनाकडून त्याच्यात काहीतरी चुकीचं येत असतं, म्हणून ते भरतं किंवा वितळतं. ते कारण तसंच ठेवून सरळ पाइप मारला तर गाडी पळेल, त्यात शंका नाही. ॲव्हरेज मात्र फारसं परत येणार नाही, आणि जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धूत राहिलं की काही काळाने रिंगांचं काम निघेल. तेव्हा आज वाचवलेल्या पैशांचा हिशेब लागेल.

डब्यात असतं काय, ते आधी थोडक्यात. आत सिरॅमिकची बारीक भोकांची जाळी असते, तिच्यावर ॲल्युमिनाचा थर आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महागडे धातू अगदी थोड्या प्रमाणात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं पेट्रोल तिथे जळतं, नायट्रोजनचे ऑक्साइड फुटून साधा नायट्रोजन होतो. हे काम साधारण २५०–३०० अंश सेल्सिअसला सुरू होतं. ही तिन्ही कामं एकाच वेळी व्हायची तर हवा-पेट्रोलचं मिश्रण एका अरुंद पट्ट्यात राहावं लागतं: एक किलो शुद्ध पेट्रोलला १४.७ किलो हवा. म्हणून धुरातला ऑक्सिजन बघणारा ऑक्सिजन सेन्सर आला, म्हणून ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आला. एमपीएफआय आणि कॅट ही एकाच संसारातली दोन माणसं आहेत, एकाला घराबाहेर काढून दुसरं सुखात राहत नाही. तुमच्या मेकॅनिकला हा डबा नंतर चिकटवलेली सरकारी कटकट वाटते, त्याचं कारण इथेच आहे.

त्याला अगदीच मूर्खात काढू नका, बरं का. कॅटबद्दलचा हा राग जुना आहे. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅट सक्तीचं झालं, पण शिसं नसलेलं पेट्रोल देशभर सगळीकडे मिळायला २००० साल उजाडलं. शिशाचं पेट्रोल कॅटला मारतंच. तेव्हा मुंबईहून घेतलेली गाडी आपल्याकडच्या पंपावर भरली की तिचं कॅट मरायचं, आणि काढण्यावाचून उपाय नसायचा. त्या काळात हात बसलेले मिस्त्री आणि त्यांच्याकडे शिकलेली पोरं आजही तोच इलाज करून राहिले आहेत. तुमची गाडी २००६ ची, तिला शिशाचं पेट्रोल कधी लागलंच नाही. तिचं दुखणं वेगळं आहे.

आता खरंच कॅट जाम आहे का, हे आधी ठरवू. "गाडी उचलत नाही" याची अर्धा डझन कारणं असतात: पेट्रोल फिल्टर भरलेला, पंप कमजोर, टायमिंग बेल्ट एक दात सरकलेला, एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी कापूस आणि चिंध्या भरून घर केलेलं (हसू नका, सीझनला गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत हे नेहमीचं आहे), किंवा मागचा सायलेन्सर आतून सडून त्याचे पत्रे आडवे पडलेले. हे शेवटचं तर कॅटसारखंच वागतं, आणि त्याचा खर्च कॅटच्या मानाने फार कमी.

माझी पहिली तपासणी मल्टीमीटरची, कारण तो प्रत्येक वायरिंगवाल्याकडे असतो. साधा डिजिटल चालतो, बल्बवाली टेस्ट लॅम्प सेन्सरच्या वायरीला लावू नका. इंजिन पूर्ण गरम करा, ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नल वायरीवर मीटर लावा, वायरी लांब काढून मीटर आत सीटवर आणा आणि एक माणूस शेजारी बसवून गाडी चढावर न्या. सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये खेळतो, ०.४५ च्या वर रिच (पेट्रोल जास्त), खाली लीन (पेट्रोल कमी). पाय पूर्ण दाबल्यावर गाडी उचलत नाही आणि मीटर ०.१ ला पडून राहतो, तर इंजिनाला पेट्रोल पुरत नाही. फिल्टर, पंप, इंजेक्टर बघा, कॅटला हात लावू नका. मीटर ०.८ च्या आसपास आहे आणि तरी गाडी मेल्यासारखी, तर पेट्रोल आहे, श्वास कोंडलाय. मग पुढे चला.

दुसरी तपासणी व्हॅक्यूम गेजची. इन्टेक मॅनिफोल्डच्या नळीला गेज लावा. चांगलं इंजिन आयडलवर १७ ते २१ इंच दाखवतं. यवतमाळचं पठार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, तेव्हा एक-दीड इंच कमी आलं तरी घाबरायचं नाही. मग रेस २५०० आरपीएमवर स्थिर धरा. काटा क्षणभर पडून परत वर येऊन टिकला तर ठीक. हळूहळू खाली उतरत गेला तर मागे रस्ता बंद आहे.

तिसरी आणि पक्की तपासणी प्रेशरची. इंजिन थंड असताना ऑक्सिजन सेन्सर काढायचा (२२ चा पाना लागतो) आणि त्याच भोकात अडॅप्टर लावून कमी दाबाचा गेज बसवायचा. आयडलला दीड पीएसआयच्या आत, २५०० ला तीनच्या आत असेल तर एक्झॉस्ट मोकळं आहे. याच्या वर गेलं तर जाम. पण जाम कॅट की सायलेन्सर? कॅटच्या मागचा फ्लँज (पाइपांचा बोल्टचा जोड) ढिला करा आणि परत रीडिंग घ्या. दाब पडला तर सायलेन्सर दोषी, तसाच राहिला तर कॅट. गेज मिळत नसेल तर निदान सेन्सर काढून, भोक उघडं ठेवून, जाग्यावर रेस देऊन बघा: इंजिन एकदम मोकळं फिरायला लागलं तर अंदाज येतो. आवाज भयंकर होईल आणि भोकातून आग ओकल्यासारखी गरम हवा येईल, वायरी आणि हात लांब ठेवा. हाताने डबा ठोकून "आत खडखडतंय" म्हणणं एवढ्यावर निकाल देऊ नका. बाहेरचं हीट शील्ड सुटलं तरी तसाच आवाज येतो.

समजा कॅटच जाम निघालं. आता खरा प्रश्न: कशामुळे?

आपल्या भागात गाडीच्या खाली वाकण्याआधी मी बॉनेट उघडून एक गोष्ट बघतो, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर गेला की चंद्रपूरपासून अकोल्यापर्यंत कुठल्याही गॅरेजमध्ये एकच सल्ला मिळतो: "व्हॉल्व्ह काढून टाक, पाणी मोकळं फिरू दे." काढतात, फॅनही डायरेक्ट करून स्विचवर घेतात, गाडीचा काटा खाली राहतो, मालक खूश. कार्ब्युरेटरच्या गाडीत हे खपून गेलं. एमपीएफआयमध्ये कूलंट टेम्परेचर सेन्सर आहे, आणि ईसीएम त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. पाणी ८०–९० अंशांवर असायला हवं, ते हिवाळ्याच्या सकाळी ५०–५५ वरच फिरत राहिलं तर ईसीएमच्या लेखी इंजिन अजून थंडच आहे. तो वॉर्म-अपचं जास्तीचं पेट्रोल टाकत राहतो, पाय दाबल्यावर आणखी टाकतो. गाव ते तालुका वीस किलोमीटर, तिथे दोन तास थांबून परत. म्हणजे इंजिन दिवसभर थंडच. प्लग काळे, सायलेन्सरच्या तोंडाला काजळी, ॲव्हरेज तळाला, आणि कॅट रोज थोडं थोडं भरत जातं. तुमच्या गाडीचं दुखणं दिवाळीपासून वाढलं, हे वाचल्यावर माझा पहिला संशय इथेच गेला: उन्हाळ्यात व्हॉल्व्ह निघाला असेल आणि थंडी पडल्यावर परिणाम दिसला असेल.

तपासायला सोपं आहे. सकाळी थंड इंजिन चालू करा आणि रेडिएटरला जाणारा वरचा होज पाइप हाताने चाचपत राहा. थर्मोस्टॅट असेल तर तो काही मिनिटं थंड राहून मग एकदम गरम होतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर आत व्हॉल्व्ह नाही, किंवा उघडाच अडकलाय. आणि काही इंजिनांत हाच व्हॉल्व्ह बायपासची वाटही बंद करतो, म्हणजे तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतं. गाडी गरम होऊ नये म्हणून काढला आणि ट्रॅफिकमध्ये गाडी उलट जास्त गरम, असंही होतं. गरम होण्याचा खरा इलाज रेडिएटर आतून साफ करणं, बाहेरच्या जाळीत बसलेली धूळ आणि कुटार काढणं, फॅनचा स्विच बदलणं आणि बोअरचं पाणी न टाकता कूलंट टाकणं हा आहे. क्षाराच्या पाण्याने तर सेन्सरवरही थर बसतो आणि तो खोटं बोलायला लागतो.

सेन्सर खोटं बोलतोय का, हे ओहमने कळतं. या जातीच्या गाड्यांत २० अंशांना सव्वादोन ते पावणेतीन किलोओहमच्या आसपास, ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास. चहाच्या पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून घरीही मोजता येतं. गरम पाण्यातही हजार-दीड हजार दाखवत असेल तर तो सेन्सर ईसीएमला कायम हिवाळा सांगतोय, बदला. कनेक्टरच्या पिनांना हिरवट गंज असेल तर त्याचाही रेझिस्टन्स वाढून हेच होतं, आधी तो साफ करा.

दुसरं मोठं कारण मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं. नुसत्या रिच मिश्रणाने कॅट काजळतं, मिसिंगने ते वितळतं. कारण मिस झालेल्या सिलिंडरमधून पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता जातात आणि डब्यात जाऊन पेटतात. तीन सिलिंडरच्या गाडीत एक मेला म्हणजे तिसरा हिस्सा पेट्रोल थेट कॅटमध्ये. थर ९००–१००० अंशांच्या वर खराब व्हायला लागतो, त्याहून वर सिरॅमिकच पाघळून भोकं बुजतात. "दोन सिलिंडरवर का होईना, गावापर्यंत नेतो" म्हणून तीस किलोमीटर चालवलेली गाडी कॅट संपवूनच घरी पोचते. आणि अशा गाडीला पऱ्हाटीच्या किंवा कुटाराच्या ढिगावर उभी करू नका. डबा इतका तापलेला असतो की खाली आग लागू शकते. चांगल्या कॅटलाही हे लागू आहे.

बॅटरी उतरल्यावर धक्का मारून गाडी चालू करणं हाही त्याच घरचा प्रकार. पांदणीतून चार पोरं धक्का मारताहेत, इंजिन चार-पाच वेळा भुकभुक करून बसतंय, तेवढ्या वेळात न जळालेलं पेट्रोल मागे साठतं. मग ते पेटतं. जंपर केबल घेऊन ठेवा, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आहेच. फक्त ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची आहे याची खात्री करून, ट्रॅक्टर बंद ठेवून जोडा.

तिसरं, ऑइल पिणारं इंजिन. ऑइलमधलं फॉस्फरस आणि जस्त कॅटच्या थरावर बसतं, ते निघत नाही. हेड गॅस्केट लीक होऊन कूलंट जळत असेल तरी तेच. आणि मिस्त्री लोकांचा आवडता सिलिकॉनचा ट्यूब: सेन्सर-सेफ नसलेला सिलिकॉन इंजिनात भरपूर वापरला की त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरच्या टोकावर पांढरा थर धरते आणि सेन्सर आंधळा होतो.

पेट्रोलबद्दल विचाराल म्हणून सांगतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. २००६ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, म्हणून ॲव्हरेजमध्ये सहा-सात टक्क्यांचा फरक निव्वळ त्यानेच पडू शकतो. १८ चे १७ झाले तर ते इथेनॉल. १८ चे १२ झाले तर इथेनॉलला दोष देऊ नका. त्याने कॅट जाम होत नाही. उलट इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण लीनकडे झुकतं आणि सेन्सर चांगला असेल तर ईसीएम ते सावरून घेतो. त्रास जुन्या रबरी नळ्यांना आणि महिना-महिना उभ्या राहणाऱ्या टाकीला होतो, कारण इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की खाली वेगळं बसतं. पेट्रोलच्या नळ्या एकदा बदलून घ्या, फिल्टर घ्या, आणि उभी राहणारी गाडी असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका.

आता "काढून ट्यूनिंग करून देतो" याकडे येऊ. तुमच्या गाडीत ट्यून करण्यासारखं काय आहे? कार्ब्युरेटरला स्क्रू होता, जेट होते. इथे पेट्रोल किती टाकायचं ते ईसीएमच्या चिपमध्ये लिहिलंय. मॅनिफोल्डचा दाब, आरपीएम, हवेचं आणि पाण्याचं तापमान बघून तो ठरवतो आणि ऑक्सिजन सेन्सर बघून सुधारतो. पाइप मोकळा केल्याने इंजिनात हवा थोडी जास्त जायला लागली, तरी सामान्य चालीत तो सेन्सरच्या आधारे मिश्रण परत १४.७ च्या हिशेबात आणून ठेवतो. म्हणजे नवं ट्यूनिंग करायची गरजही नाही आणि जागाही नाही. त्या काळातले साधे ईसीएम लॅपटॉप जोडून लिहिता येतील असे बनलेले नव्हते. तालुक्याला कुणी "मॅपिंग करतो" म्हणालं तर कोणत्या उपकरणाने आणि आधीचा मॅप परत कसा टाकशील, एवढंच विचारा.

मग तो नेमकं काय करणार? जे बघत आलोय ते सांगतो. डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीत टायमिंग थोडं पुढे ढकलतात, म्हणजे पिकअप आल्यासारखा वाटतो, आणि मेच्या उन्हात चढावर इंजिन खणखणायला लागतं. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवतात, जो फॅक्टरीत सेट करून सोडलेला असतो. मग आयडल कायमचं बिघडतं. फार हुशार असला तर टेम्परेचर सेन्सरच्या वायरीत रेझिस्टर टाकतो. याला ट्यूनिंग म्हणत नाहीत, ईसीएमला फसवणं म्हणतात.

पाइपचं वेल्डिंगही बघून घेण्यासारखं असतं. इंजिन आणि सेन्सरच्या मध्ये कुठे बारीक भोक राहिलं तर आयडलला धुराच्या झटक्यांमध्ये बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रण लीन आहे, ईसीएम पेट्रोल वाढवतो. "कॅट काढल्यावर ॲव्हरेज अजूनच पडलं" म्हणणाऱ्या गाड्या आल्या की मी साबणाचं पाणी लावून आधी वेल्डिंगच तपासतो. सेन्सर मूळ जागेवरून मागे सरकवला तर तो आयडलवर थंड पडून काम सोडतो. आणि वेल्डिंग करताना बॅटरीच्या वायरी काढल्या नाहीत, अर्थिंग भलतीकडे लावलं, तर ईसीएम जाऊ शकतो. त्या वयाच्या गाडीचा ईसीएम भंगारात शोधावा लागतो.

अजून एक प्रकार चालतो: डबा तसाच ठेवून आतली जाळी छिन्नीने फोडून काढायची, म्हणजे बाहेरून कॅट दिसतं. ती धूळ आणि जाळीभोवतीच्या चटईचे तंतू फुफ्फुसाला वाईट आहेत. तोंडाला रुमाल बांधून पोऱ्याला तिथे बसवलेलं बघवत नाही.

आणि तुमच्या घरच्यांचा विचार करा. चांगल्या इंजिनातूनही कॅटच्या आधी आयडलवर साधारण अर्धा ते एक टक्का कार्बन मोनॉक्साइड निघतो, कॅटनंतर तो जवळपास शून्य होतो. वीस वर्षांच्या गाडीचा फ्लोअर गंजलेला, डिकीचं रबर फाटलेलं, काचा बंद, एसी चालू, मागे आई झोपलेली. या वायूला वास नाही.

पीयूसीचं गणितही त्यातच आलं. तुमच्या गाडीच्या काळातल्या, बीएस-२ आणि बीएस-३ च्या पेट्रोल गाड्यांना आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम ही मर्यादा आहे. कॅट नसताना त्यात बसणं नशिबावर. "पीयूसीवाला ओळखीचा आहे" हे मी ऐकलेलं आहे, त्यावर बोलत नाही. कायदा मात्र माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि कलम १९०(२) खाली प्रदूषणाचे निकष मोडल्याबद्दल १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने जातं. मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आहे तो. तुमच्या बाबतीत वडील.

जुना डबा तो का ठेवून घेतो, हे आता लक्षात आलं असेल. आतल्या धातूंमुळे मेलेल्या कॅटलाही भंगारात भाव असतो. मजुरीत काम करून देणं ही मेहरबानी नाही. कॅट बदललं तरी जुनं तुमच्याकडेच ठेवा, नवं देणारे दुकानदार बहुधा त्याचे काही पैसे वळते करतात.

खरं ट्यूनिंग कसं करायचं, ते सांगतो. यात जादू काही नाही, ज्या गोष्टींवर ईसीएम विसंबून असतो त्या खऱ्या करायच्या. आधी कॉम्प्रेशन; तिन्ही सिलिंडर एकमेकांच्या एक किलोच्या आत असावेत. एक मागे असेल तर टॅपेट बघा, एक्झॉस्टचे टॅपेट टाइट झालेले असतात, विशेषतः गाडी कधी गॅसवर चालली असेल तर. मग टायमिंग बेल्टच्या खुणा. प्लग, प्लगच्या वायरी किंवा कॉइल. प्लग काढून बघताना तिघांचा रंग वेगळा असेल तर दोष त्या-त्या सिलिंडरचा. तिन्ही सारखेच काळे असतील तर दोष सामाईक आहे, म्हणजे थर्मोस्टॅट, टेम्परेचर सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर किंवा पेट्रोलचा दाब. फ्युएल रेलवर रेग्युलेटर असलेल्या गाडीत रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून नाकाला लावा. पेट्रोलचा वास आला किंवा ओली निघाली तर आतला पडदा फाटलाय आणि इंजिन तिथूनही पेट्रोल पितंय. हे दहा सेकंदांचं काम कुणी करत नाही! मॅप सेन्सरची (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) नळी तडकलेली असेल तर ईसीएमला कायम फुल लोड दिसतो आणि तो पेट्रोल ओततो, ही नळी हाताने वाकवून बघा. थ्रॉटल बॉडी स्प्रेने साफ करा, स्टॉप स्क्रू सोडून. इंजेक्टर काढून बेंचवर साफ करून आणि तिघांचा प्रवाह मोजून घ्या. ही सोय यवतमाळ, वर्धा, नागपूर कुठेही मिळेल.

ऑक्सिजन सेन्सर शेवटी. इंजिन गरम, रेस २५०० वर: मीटरचा आकडा सतत वर-खाली उडत राहिला पाहिजे. एकाच जागी चिकटला किंवा आळसावून हलत असेल तर बदला. लाखाच्या वर चाललेल्या गाडीत मी जास्त वाद घालत बसत नाही. लोकल सेन्सर टाळा. नवा बसवताना आट्यांना अँटी-सीझ लावा, टोकाला लागू देऊ नका. हे सगळं झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर पंधरा-वीस मिनिटं काढून ठेवा म्हणजे ईसीएमने शिकून ठेवलेल्या जुन्या सवयी पुसल्या जातील. मग तीस-चाळीस किलोमीटर हायवेवर एका चालीत चालवा, त्यात तो नव्याने शिकतो.

एवढं झाल्यावरच नवं कॅट. आधी नाही, नाहीतर वर्षभरात तेही जाईल. भंगारातलं जुनं कॅट घेऊ नका, त्याचा मालक ते का काढून गेला हे तुम्हाला कधीच कळणार नाही. फार स्वस्त मिळणाऱ्या डब्यात धातू नावापुरते असतात. नागपूरला तुमच्या मॉडेलचं, बिलासह घ्या. जुन्या कॅटची जाळी फुटलेली निघाली तर तिचे तुकडे मागच्या सायलेन्सरमध्ये गेलेले असतात. तो उलटा करून ठोका, आणि तुकडे निघत राहिले तर सायलेन्सरही बदला, नाहीतर नव्या कॅटवर जुनीच तक्रार चालू राहील. बसवताना फ्लँजच्या गॅस्केट नव्या घ्या.

खर्च एकदम झेपत नसेल तर थर्मोस्टॅट, टेम्परेचर सेन्सर, प्लग आणि फिल्टर एवढं आधी करा. यातलं काहीच महाग नाही. थर्मोस्टॅट घेताना त्याच्यावर अंश लिहिलेले असतात, ८२ किंवा ८८, तुमच्या इंजिनाला मूळ जो होता तोच घ्या. नुसती काजळी असेल तर इंजिन ठीक झाल्यावर लांबच्या पल्ल्यात कॅट गरम राहून थोडी जळूनही जाते. वितळलेलं मात्र परत उघडत नाही. म्हणून हे काम झाल्यावर प्रेशर पुन्हा मोजा.

तुम्ही तीन गोष्टी कळवा: थंड इंजिनावर वरचा होज कसा गरम होतो, चढावर पाय दाबल्यावर सेन्सरचा व्होल्ट किती, आणि सेन्सरच्या भोकातला दाब आयडलला आणि २५०० ला किती. तोवर मेकॅनिकला ग्राइंडर खाली ठेवायला सांगा, आणि गाडी मिसिंग करत असेल तर घाटंजीपर्यंतही चालवत नेऊ नका.